न शिवतां पदार्थ कसा ओळखतों?

घरांतील फळीवर तांब्याचा तांब्या, चिनी मातीचा पेला व मेणबत्ती एका ओळींत ठेवा आणि दारांतूनच पाहा. कोणती वस्तु कशाची, हें हात न लावतां तत्काळ कळतें. आकारावरून कळलें म्हणावें, तर पेला तांब्याचाहि असतो. मग डोळ्यांनीं ओळखलें तें कशावरून?

चकाकीपासून आरंभ करूं. खिडकीचा उजेड चिनी पेल्यावर पडला कीं त्याचा ठिपका पांढराच दिसतो, मग पेला निळा असो वा तांबडा. कारण तेथें प्रकाश वरच्या झिलईवरूनच परततो. सोन्यातांब्याची रीत निराळी. हे धातु परत धाडलेल्या प्रकाशाला आपला रंग देतात. मेणांत प्रकाश आंत शिरतो, विखुरतो व मग बाहेर येतो. म्हणून मेणाच्या व संगमरवराच्या कडा मऊ वाटतात. (दगड असूनहि संगमरवर मऊ कां दिसतो, याचें मला लहानपणीं फार नवल वाटे.)

हें सारें डोळे किती लवकर करितात! लावण्या शरण, रूथ रोझेनहोल्ट्झ व एडवर्ड अॅडेलसन या अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, छायाचित्र सेकंदाचा सुमारें पंचविसावा भाग दाखविलें तरी लोकांना त्यांतील पदार्थ पुष्कळदां ओळखतां आला.

तरीहि डोळे फसतात. आमच्या वर्गांतील एका मुलाच्या आईनें, मुलीच्या लग्नासाठीं सांठविलेल्या पैशांनीं, जत्रेंत पाटली घेतली. ती मुलामा दिलेल्या पितळेची निघाली. घरच्यांनीं तिलाच बोल लावला, हा मला अन्याय वाटतो. मुलाम्याचा पातळ थर खरोखरच सोन्याचा असतो, व प्रकाश त्या थरावरूनच परततो. आंत पितळ आहे ही वार्ता डोळ्यांपर्यंत पोंचावी कशी? सोनारहि पाहण्यावर थांबत नाहीं, कसाचा दगड घेतो. आपल्याजवळ तो नसेल तर वजन आहे. तितक्याच आकारमानाच्या पाण्याहून सोनें सुमारें १९ पट जड, पितळ सुमारें साडेआठ पट. तो मुलगा पाटली शाळेंत घेऊन आला, तेव्हां आम्हीं ती हवेंत व पाण्यांत तोलून पाहिली. आंकडा साडेआठाच्या जवळ आला. त्यानें सारें गणित वहीच्या पानावर नीट उतरून घेतलें आणि आईला समजावून सांगावयास नेलें.