पेढीची आज्ञावली आणि साधनांचा विवेक

दीपावलीच्या सायंकाळी बारडोलीच्या बाजारपेठेत चोपडापूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'ची उतरंड चढते, कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते आणि व्यापाऱ्याच्या वर्षास आरंभ होतो. अलीकडे पाटावर वहीशेजारी संगणकही मांडलेला दिसतो, आणि ते यथार्थच आहे. कारण उधारी, साठा आणि विक्री यांचा खरा हिशेब आता पुष्कळ पेढ्यांत त्याच्याच पोटी असतो. परंतु वही घेताना कागद, शिवण आणि पुठ्ठा पारखून घेणारा व्यापारी संगणकातील वही करवून घेताना काय पारखतो? बहुधा केवळ किंमत. म्हणून 'पीएचपी' या भाषेत पेढीसाठी वेब-आज्ञावली करवून घ्यावयाची झाल्यास साधने कोणत्या विवेकाने निवडावीत, याचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

आकड्यांच्या बाबतीत बारडोलीने साऱ्या देशास एक धडा दिलेला आहे. १९२८ साली येथील शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो सुमारे २२ टक्के सारावाढीविरुद्ध. ज्या आकड्यांवर ही वाढ उभी आहे ते निःपक्षपाती चौकशीने तपासले जावेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. जो हिशेब दुसऱ्यास उघडून तपासता येत नाही त्यावर विसंबू नये, हे तत्त्व या मातीनेच शिकविले. आमच्या प्रस्तुत विषयाचे सारही तेच आहे.

एका पेढीची हकीकत

आमच्या परिचयातील एका घाऊक किराणा पेढीने काही वर्षांपूर्वी उधारीची आज्ञावली एका होतकरू तरुणाकडून करवून घेतली. काम स्वस्तात झाले आणि चाललेही उत्तम. पुढे तो तरुण परदेशी गेला. ज्यांच्या यंत्रावर आज्ञावली ठेवली होती त्यांनी एके दिवशी पीएचपीची जुनी आवृत्ती बंद केली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पडदा कोरा झाला. कारण क्षुल्लक होते. डेटाबेसशी बोलण्याच्या ज्या जुन्या आज्ञा त्या तरुणाने वापरल्या होत्या, त्या डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून काढून टाकलेल्या होत्या. त्या मोडीत निघणार याची सूचना २०१३ सालच्या ५.५ या आवृत्तीतच देण्यात आली होती. परंतु ती सूचना पेढीपर्यंत कोण पोहोचविणार? यंत्राच्या किल्ल्या त्या तरुणाच्याच नावे होत्या. कोणाकडे किती येणे आहे हे मुनीमजींना ग्राहकांच्याच तोंडून विचारावे लागले. ग्राहक प्रामाणिक होते म्हणून पेढी तरली.

दोष तरुणाचा नव्हे आणि पीएचपीचाही नव्हे. साधन निवडताना 'उद्या हे कोण सांभाळील?' हा प्रश्न कोणीही विचारला नाही, हा खरा दोष होय.

भाषा आणि तिचे आयुष्य

पीएचपीचा जन्म रास्मुस लेर्दोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या पानासाठी केलेल्या लहानशा साधनांतून झाला. १९९५ साली ती त्यांनी सर्वांस खुली केली. १९९८ साली झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांच्या सहकार्याने तिची तिसरी आवृत्ती निघाली आणि भाषेस आजचे वळण लागले. ती विनामूल्य आहे, साध्या भाड्याच्या यंत्रावर चालते आणि ती जाणणारे कारागीर लहान गावांतही मिळतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोठा समजावा.

मात्र प्रत्येक आवृत्तीस आयुर्मर्यादा आहे. सामान्यतः वर्षातून एक नवी आवृत्ती निघते. तिला दोन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षे केवळ सुरक्षेची डागडुजी मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ८.४ या आवृत्तीची डागडुजी ३१ डिसेंबर २०२८ रोजी संपेल. अन्नपदार्थाच्या डब्यावरील तारीख आपण पाहतो, तशीच ही तारीखही करारपत्रात लिहून घ्यावी.

प्रथम प्रश्न: करवून घेणे आवश्यक आहे काय?

ज्याची गरज नाही त्याचा संग्रह न करणे हा अपरिग्रह. जमाखर्च आणि जीएसटीसाठी टॅलीसारखी तयार प्रणाली असताना ती पुन्हा लिहवून घेणे व्यर्थ होय. मुंबईत जन्मलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली पायथन भाषेत लिहिलेली आहे. ती आपले काम भागवीत असेल तर पीएचपीचा आग्रह धरू नये. केवळ मालाची यादी दाखवून मागणी घ्यावयाची असेल तर वर्डप्रेस आणि त्यावरील वूकॉमर्स पुरेसे आहे. लेख आणि सभासद सांभाळावयाचे असतील तर ड्रुपल आहे. १९९६ साली सुरू झालेले 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ पुढे ड्रुपलवर आले. त्याचा आरंभ झाला तेव्हा ड्रुपल अस्तित्वातच नव्हते. साधने येतात आणि जातात, मजकूर टिकवावा लागतो, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या व्यवहाराची रीत तयार प्रणालीत बसत नसेल, उदाहरणार्थ गावोगावची हंगामी उधारी, दोन भाषांतील बिले, गोदाम आणि दुकान यांचा एकत्र साठा, तरच नवी आज्ञावली लिहवावी.

सांगाड्यांची तुलना

'फ्रेमवर्क' म्हणजे आज्ञावलीचा तयार सांगाडा. प्रवेशद्वार, कुलूप आणि जिना प्रत्येक घरास लागतातच. ते नव्याने न घडविता चांगले तयार घ्यावेत, ही यामागील कल्पना. सांगाड्याविना लिहिलेली आज्ञावली लहान कामास पुरते. परंतु तिची रचना एकट्या लेखकाच्या डोक्यात राहते. सांगाड्यात लिहिलेली आज्ञावली दुसरा जाणकार उघडतो तेव्हा कोणती वस्तू कोणत्या खणात असावयाची हे त्यास ठाऊक असते. सांगाड्याचा खरा लाभ हाच.

आज तीन सांगाडे विशेष विचारार्ह आहेत. कोडइग्नायटर २००६ साली निघाला. तो हलका असून शिकण्यास सोपा आहे. मूळ कंपनीने त्याची जबाबदारी २०१४ साली कॅनडातील एका तंत्रविद्यालयाकडे सोपविली आणि २०२० साली त्याची चौथी, नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. लाराव्हेल हा टेलर ऑटवेल यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात प्रवेशाधिकार, डेटाबेसातील बदलांची क्रमवार नोंद, निरोप पाठविणे अशा बहुतेक सोयी सिद्ध आहेत आणि त्याचे जाणकार विपुल आहेत. परंतु त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीस सुरक्षेचा आधार दोनच वर्षे मिळतो. म्हणजे सांभाळाचा खर्च दरवर्षी धरावयास हवा. सिम्फनी हा २००५ सालचा. तो शिकण्यास कठीण आहे, पण दर दोन वर्षांनी निघणाऱ्या त्याच्या दीर्घायुषी आवृत्तीस चार वर्षे सुरक्षेचा आधार असतो. लाराव्हेलचे काही पायाभूत भाग सिम्फनीचेच आहेत.

यांत श्रेष्ठ कोणता? अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी असा एकान्तिक प्रश्न विचारू नये. दोन-तीन माणसांची पेढी आणि मोजकी कामे असतील तर कोडइग्नायटर. सोयी अनेक हव्या असतील व गावात लाराव्हेलचे जाणकार असतील तर लाराव्हेल. वारंवार बदल नको असून मोठे, दीर्घकाळ चालणारे काम असेल तर सिम्फनी. असा स्थूल निर्णय आम्ही सुचवितो.

चार कसोट्या

सांगाडा कोणताही असो, पैसे देण्यापूर्वी पुढील कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी पैशांची. पीएचपीला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ एवढी आहे काय, असे विचारल्यास उत्तर 'नाही' असे येते. कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीने अदमासे साठवितो. म्हणून रक्कम पूर्णांक पैशांत अथवा डेटाबेसाच्या 'डेसिमल' प्रकारात ठेवावी. मापतोलातील न्यूनाधिक्य आपल्या शास्त्रात अस्तेय व्रताचा अतिचार मानले आहे. पैशा-पैशाची चूक यंत्राने केली तरी ती आपलीच.

दुसरी कसोटी लिपीची. ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगाव हा मराठी मुलूख बारडोलीस जोडलेला आहे. आपल्या बिलांत गुजराती आणि देवनागरी दोन्ही लिप्या येतात. 'बारडोली' हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो. पीएचपीची साधी मोजणी त्यास २१ म्हणते, कारण ती बाइट मोजते. दुसरी मोजणी चिन्हे मोजून ७ म्हणते. ग्राफीम मोजणारी तिसरी मोजणी मात्र ४ हे आपले उत्तर देते. चुकीच्या मोजणीने नाव छाटल्यास ग्राहकाचे नाव अर्धवट छापले जाईल. 'क्षत्रिय', 'सूर्यकांत' अशी जोडाक्षरांची नावे असलेले बिल प्रथम छापून पाहावे. एमपीडीएफ हे साधन अशी जोडाक्षरे नीट जुळवू शकते.

तिसरी कसोटी खाडाखोडीची. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. भागीदारी पेढीवर हे बंधन नसले तरी श्रावकावर आहे. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचारच होय. चुकीची नोंद पुसू नये, उलट नोंदीने ती दुरुस्त करावी, ही जुन्या मुनीमांची रीत आज्ञावलीतही पाळून घ्यावी.

चौथी कसोटी उसन्या सामानाची. २०१२ पासून प्रचारात आलेल्या कंपोझर या साधनाने इतरांनी लिहिलेले तयार भाग एका आज्ञेने आणता येतात. सोय मोठी, आणि मोहही तेवढाच. प्रत्येक भाग हा सांभाळावयाचा एक पाहुणा आहे, थोडे बोलवावेत. कोणते भाग नेमक्या कोणत्या आवृत्तीचे आले हे कंपोझर आपल्या 'लॉक' धारिकेत लिहून ठेवतो. ती धारिका पेढीकडे हवी. त्या भागांत ज्ञात दोष आहेत काय, हे त्याची 'ऑडिट' आज्ञा सांगते. प्रत्येक भागाचा परवानाही वाचावा. वर उल्लेखिलेले तिन्ही सांगाडे एमआयटी परवान्याखाली, तर वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली मिळतो. फुकट मिळालेल्या वस्तूसही दात्याच्या अटी असतात. त्या मोडून घेणे म्हणजे अदत्तादानच.

किल्ल्या कोणाच्या हाती?

अखेरीस पुन्हा त्या किराणा पेढीकडे वळू. संकेतस्थळाचे नाव, भाड्याच्या यंत्राचा प्रवेश आणि आज्ञावलीची संपूर्ण मूळ प्रत पेढीच्याच नावे असावी. हिशेबाची प्रत दररोज निघावी व एक प्रत दुकानाबाहेर राहावी. परंतु प्रत ठेवणे म्हणजे प्रत उघडता येणे नव्हे. यास्तव आमची एक नम्र सूचना आहे. येत्या चोपडापूजनापूर्वी मूळ कारागिरास न बोलाविता, दुसऱ्या जाणकाराकडून ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करवावी आणि कोणत्याही एका ग्राहकाची बाकी कागदी पावतीशी ताडून पाहावी. बाकी जुळली तर आपली साधने योग्य आहेत असे खुशाल समजावे. न जुळली तर ते दिवाळीपूर्वी कळले, एवढाही लाभ थोडा नाही.

लिहिताना काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.