छत्री आधी, कंपनी नंतर

डीटीएच कुठल्या कंपनीचं घेऊ, असं कुणी विचारलं की मी हल्ली उलट प्रश्न करतो: तुमच्या घराच्या आग्नेयेला काय आहे? माणसं चमकतात. हा वास्तुशास्त्राकडे वळला की काय, असं त्यांना वाटत असावं. वास्तुवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात, मी मोकळं आकाश सांगतो, एवढाच फरक. यामागे आमच्या गावच्या घरातला एक आख्खा पावसाळा आहे.

घर रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीच्या टोकाला. मंगळुरी कौलं, पुढे पडवी, बाजूला फणसाची दोन झाडं आणि एक रतांबा. आई-अण्णा बारा महिने तिथे, आम्ही भावंडं ठाण्यात. त्यांच्यासाठी छत्री घ्यायची ठरली तेव्हा आमच्यात चर्चा झाली ती फक्त पैशांची. बॉक्स कुणाचा स्वस्त, वर्षाचे पैसे एकदम भरले तर किती सुटतात, एचडी घ्यावं का. तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने एका कंपनीची वर्षभराची ऑफर दाखवली, आम्ही पैसे पाठवले. मेच्या मध्यावर एक मुलगा मोटारसायकलवर छत्री बांधून आला. त्याला त्या दिवशी आणखी घरं उरकायची होती. शिडी लावून त्याने पडवीच्या वाशाला छत्री ठोकली, टीव्हीवर चित्र आणलं, ‘काकू, सिग्नल फुल आहे’ म्हणाला आणि गेला. चित्र खरोखरच छान होतं. मे महिन्यात कुणाचंही छान असतं.

मृग लागला आणि चित्र गेलं. धो-धो पावसात गेलं असतं तर तक्रार नव्हती. इथे साधी भुरभुर आली तरी पडद्यावर चौकोनी ठोकळे, मग निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. पूर्वी गच्चीवरच्या अँटेनाला मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही माणसं दिसायची, आवाज ऐकू यायचा. डिजिटलमध्ये ती सवलत नाही. सिग्नल ठरावीक पातळीवर आहे तोवर चित्र लख्ख, त्याखाली उतरला की काही नाही. आई फोनवर म्हणाली, ‘अरे, पाऊस आला की ह्याला झोप येते.’ कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर: पावसाळी हवामान आहे, थोडा वेळ वाट पाहा. कोकणात जूनमध्ये थोडा वेळ वाट पाहायची म्हणजे दसऱ्यापर्यंत.

जुलैत कंपनीचा माणूस आला, भेटीचे पैसे घेतले, कौलांवरचं शेवाळ पाहिलं आणि वर चढायला नाही म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. ओल्या कौलांवरून घसरून माणसं जन्माची जायबंदी होतात. गणपतीत घर भरलेलं, आणि टीव्हीवर निळा पडदा.

गंमत पुढे आहे. गणपतीनंतर वाडीतल्याच एका मुलाने, जो वायरिंगची कामं करतो, छत्री वाशावरून काढली. विहिरीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये लोखंडी पाइप उभा केला, त्यावर ती बसवली, वायर नवी ओढली. कंपनी तीच, बॉक्स तोच. त्यानंतर चित्र जातं ते आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो तेव्हाच, आणि सर ओसरली की आपोआप परत येतं. ज्या कंपनीच्या नावाने आम्ही तीन महिने बोटं मोडली तिचा खरा दोष एवढाच होता की जागा न पाहता माल विकला आणि बसवणाऱ्याला घाईत पाठवलं. तोही लहान नाही, पण दुसरी कंपनी घेतली असती तरी वाशावर बहुधा हेच झालं असतं.

आता त्या आग्नेयेचं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण 36,000 किलोमीटरवर एका जागी ठाकलेले दिसतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून महाराष्ट्रातली प्रत्येक छत्री दक्षिणेकडे झुकते. शिवाय आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह आपल्या पूर्वेला आहेत. टाटा प्लेचे 83 अंश पूर्व रेखांशावर, दूरदर्शनच्या फ्री डिशचा 93.5 वर, एअरटेलचा 108.2 वर. रत्नागिरी 73 च्या आसपास. उपग्रह जितका पूर्वेला, तितकी छत्री पूर्वेकडे वळते आणि तितकी आकाशात खाली पाहते. म्हणून एकाच अंगणात एका सेवेचा रस्ता मोकळा आणि दुसरीचा फणसात अडकलेला, असं होऊ शकतं. कंपनी निवडण्याचं हे कारण कुठल्याही जाहिरातीत येत नाही, आणि झाडांच्या मुलखात माझ्या मते हेच पहिलं कारण आहे.

छत्री जिथे तोंड करून दिसते तिथे ती पाहत नसते, हेही लक्षात ठेवा. घरगुती छत्रीचा डोळा, म्हणजे एलएनबी, मधोमध नसून खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो. त्यामुळे छत्री जवळजवळ उभी वाटली तरी तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. ‘समोर झाड आहे, सिग्नल कसा येणार’ ही शंका कधी खोटी ठरते, आणि ‘समोर तर मोकळं आहे’ हा भरवसाही, कारण फांदी वरून आडवी येते. पावसात पानं दाट होतात, भिजतात, खाली लवतात. मेमध्ये जेमतेम वाचलेली वाट जुलैत बंद होते. आमचं तेच झालं.

पावसाचं स्वतःचं गणितही आहे. या लहरी केयू बँडच्या, लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. जोराच्या सरीत कुठलीही कंपनी चित्र टिकवण्याची हमी देऊ शकत नाही. जो देतो तो खोटं बोलतो. पण सिग्नल मुळात भरपूर असला तर मधल्या पावसात तो तग धरतो. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. बसवणारा बहुतेक वेळा स्ट्रेंथ दाखवतो. तुम्ही क्वालिटी बघा. ती कोरड्या हवेत जेमतेम असेल तर त्याला खाली उतरू देऊ नका. कोकण आणि घाटमाथ्यावर नेहमीच्या 60 सेंटिमीटरऐवजी 90 ची छत्री मिळत असेल तर जास्तीचे पैसे मोजा, ते वाया जात नाहीत.

आणि माकडं. शहरातल्या वाचकांना हसू येईल, पण आमच्याकडे छत्रीचा पहिला शत्रू पाऊस नसून माकडांची टोळी आहे. एलएनबीच्या दांड्याला लोंबकळणं हा त्यांचा आवडता खेळ. छत्री अंश-दीड अंश सरकली तरी सिग्नलचा मोठा हिस्सा जातो. वाशावर, फळीवर, पत्र्यावर ठोकलेली छत्री वाऱ्यानेही हलते. भिंतीत पक्की किंवा जमिनीत सिमेंटमध्ये, याखेरीज तिसरा पर्याय मान्य करू नका. समुद्राजवळ खाऱ्या हवेने नटबोल्ट वर्षा-दोन वर्षांत गंजतात, तेव्हा गॅल्वनाइज्ड मागा. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथून टपकेल, बॉक्सपर्यंत ओघळणार नाही. एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टोपी किंवा चांगली टेप हवी. पावसाळ्यातल्या तक्रारींत तिथे शिरलेलं पाणी फार वेळा सापडतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग काढा, छत्रीची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

शहरातल्या फ्लॅटचं थोडक्यात सांगता येईल: घराच्या सगळ्या खिडक्या उत्तरेला आणि सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नसेल तर डीटीएचचा विचार सोडा. केबल किंवा ब्रॉडबँड बघा.

मग पैसे. इथे लोक जरुरीपेक्षा घाबरतात आणि नको तिथे विश्वास ठेवतात. फेब्रुवारी 2019 पासून हवी ती वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्याआधी बहुतेकांना प्रत्यक्षात कंपनी देईल तो गठ्ठाच घ्यावा लागे. बिलात एक भाग वाहिन्यांच्या किमतीचा आणि दुसरा एनसीएफचा, म्हणजे जोडणीच्या शुल्काचा. या शुल्काला 2020 पासून 200 वाहिन्यांसाठी 130 रुपये अधिक कर अशी मर्यादा होती; जुलै 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती काढली, आता कंपन्या आपापला दर ठरवतात. म्हणून दुकानदाराला ‘पॅक कितीचा’ विचारू नका. एनसीएफ किती, वाहिन्यांचे किती, कर किती, आणि ऑफर संपल्यावर दर महिन्याला किती, असं विचारा. चौथ्या प्रश्नावर बरेच दुकानदार फोनमध्ये डोकं घालतात.

आईला विचारलं तर ती स्टार प्रवाह, झी मराठी, दुपारी एखादा जुना सिनेमा आणि कीर्तन बघते. अण्णा बातम्या आणि क्रिकेट. सह्याद्री सगळ्यांकडे मिळतेच. आम्ही मात्र तिला दोनशेच्या वर वाहिन्यांचा पॅक घेतला होता, त्यात तमिळही होत्या. एचडीही घेतलं होतं, आणि टीव्ही होता जुना, पेटीसारखा, ज्यावर एचडीचा काडीइतका फरक दिसत नाही. घरात जे खरोखर बघतात त्यांच्याशेजारी एक आठवडा बसा आणि कागदावर वाहिन्या लिहा. यादी क्वचित पंधराच्या वर जाते. सुट्या वाहिन्यांची बेरीज आणि प्रादेशिक पॅकची किंमत दोन्ही काढा. कधी सुट्या स्वस्त पडतात, कधी पॅक.

वर्षाचे पैसे एकदम भरायचे की नाही, यावर माझं मत आता पक्कं आहे. पहिल्या वर्षी मुळीच नाही. महिन्याचा रिचार्ज करा, थोडा महाग पडू दे. आमच्यासारखं पैसे भरून बसलात की तक्रारीतला जोरच जातो. शिवाय एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय इथे नाही. कुठलाही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने 2020 साली केली, पण बाजारात अजून तसं झालेलं नाही. कंपनी बदलायची म्हणजे नवा बॉक्स, छत्रीची दिशा नवी, कधी एलएनबीही नवी.

जे घर फक्त गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडतं, त्या चाकरमान्यांच्या घराला मी डोळे झाकून फ्री डिश सुचवतो. एकदा छत्री आणि बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचं काही नाही. 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही दूरदर्शनची सेवा. तिची मर्यादाही सांगतो: स्टार प्रवाह, झी मराठीसारख्या पैशांच्या वाहिन्या तिथे नाहीत. खासगी वाहिन्या लिलावात जागा विकत घेऊन येतात आणि परवडेनासं झालं की जातात. एप्रिल 2022 मध्ये मोठ्या समूहांच्या काही हिंदी वाहिन्या अशाच एका दिवसात दिसेनाशा झाल्या. रोज रात्री ठरलेली मालिका हवी असलेल्या आईला फ्री डिश देऊ नका, ती तुम्हाला माफ करणार नाही.

कंपन्यांमध्ये निवड करायची वेळ आलीच तर वाडीत एक फेरी मारा. कुणाच्या घरावर कुठली छत्री आहे ते बघा, आणि एकच विचारा: जुलैत चालते का? दुसरं, त्या कंपनीचा दुरुस्तीवाला कुठे राहतो? तो तालुक्याला असेल तर ठीक, जिल्ह्याला असेल तर विसरा. कंपनीचं नाव मुंबईत मोठं असून उपयोग नाही, तुमच्या अंगणापर्यंत कोण येतो याला महत्त्व आहे. बसवताना पावती आणि अर्जाची प्रत मागून घ्या. तक्रार फोनवर केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्याने काम झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा, आणि तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

हे सगळं एप्रिलमध्ये करा. मेअखेर कामगार मिळत नाहीत, आणि जूनमध्ये कौलांवर कुणी चढत नाही.