भुकटीला चेहरा नसतो

पोरी, बी. फार्मसीला लागलीस, आता सूक्ष्मदर्शकाशी रोजची गाठ. मी वैरागहून एसटीनं बार्शीला जाऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत हयात घालवली, पण काचपट्ट्या धुणारा म्हणून. पुस्तकातलं तू वाचशीलच, मी हाताचं सांगतो.

पहिली काचपट्टी कांद्याची कर. आतला ओला पापुद्रा नको, वरचं सुकं टरफल घे. थोडं ग्लिसरीन टाक. लांबट, कडा असलेले दाणे दिसतील, ते कॅल्शियम ऑक्झलेट. कांद्याला भाव असो नसो, टरफल फुकटच.

अळू चिरताना आजी हाताला तेल का लावते? त्याच क्षाराच्या सुया असतात त्यात, जुडीच्या जुडी, म्हणून खाज. सुरणातही त्याच. आता गंमत बघ. बांधावरची कांडवेल (हाडजोडी म्हणतात ती) चिरली तरी हात खाजतात, आणि ती आपल्या द्राक्षाच्या कुळातली! चौकोनी कांडं आणि द्राक्षाचा वेल शेजारी ठेवले तर नातं कुणाला पटायचं नाही. द्राक्षाच्या पानातही सुयांच्या जुड्या सापडतात. पण म्हणून अळू काही द्राक्षाचं भाऊबंद होत नाही. सुई हा एक साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. फूल, फळ, रोम, सगळ्यांची साक्ष काढ.

कॉफीच्या कुळात मात्र ही साक्ष फार कामाची. बारतोंडी आणि मंजिष्ठ ज्या उपकुळात, तिथं सुया. खुद्द कॉफीच्या उपकुळात त्या नसतात.

वडाचं पान आडवं काप. वरच्या कातडीखालच्या मोठ्या पेशीत देठाला लोंबणारा गोळा दिसेल, द्राक्षाच्या घडासारखा. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. खात्री करायची तर ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोड. बुडबुडे येऊन विरघळला तर चुना. ऑक्झलेट त्याला दाद देत नाही. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतं, तेही बुडबुड्यांशिवाय. आमच्या काळी मुलं बाटल्यांची अदलाबदल करत आणि मग सरांशी वाद घालत. तू आधी लेबल वाच.

ज्वारीच्या पातीनं हात चिरतो ना? त्या पातीत वाळूच्या जातीचे, सिलिकेचे कण असतात, बरेचसे डमरूसारखे. गव्हाच्या पानात असे डमरू नसतात. पान जळलं तरी हे सिलिकेचे कण राखेत उरतात, म्हणून जुन्या वस्तीच्या मातीतून गवताची जात ओळखता येते.

तुझं खरं काम भुकटीत आहे. अख्खं पान ओळखणं सोपं, भुकटीला चेहरा नसतो. धोत्र्याच्या पानात ऑक्झलेटचे चांदणीसारखे झुबके, खुरासानी ओव्याच्या पानात सुटे लोलक, बेलाडोनात वाळूसारखा चुरा. तिन्ही एकाच कुळातली, पण हे एवढं दिसलं की वेगळी होतात. अडुळशात महारुखाची पानं मिसळतात. अडुळशात लांबट चुन्याचे खडे शोध, महारुखात ऑक्झलेटचे झुबके.

ध्रुवित प्रकाशात ऑक्झलेट चमकतं, पण पिठूळ कणही चमकतात, काळी फुली घेऊन. आयोडीन टाक, निळे झाले ते पिठाचे. आणि कोवळ्या पानात स्फटिक दिसला नाही म्हणून ‘नाही’ असं वहीत लिहू नकोस, जून पान घे.

दिवाळीला येताना द्राक्षाच्या आणि कांडवेलीच्या काचपट्ट्या आण. डोळे गेले माझे, पण काच नीट धुतली की नाही ते बोटांना अजून कळतं.