मागे पडणारा विद्यार्थी आणि कोल्हापूरची परंपरा

महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि शिक्षण मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. खेड्यातून आलेला, घराण्यातील पहिलाच पदवीच्छुक विद्यार्थी प्रथम वर्षात अनुत्तीर्ण झाला की ‘त्याची कुवतच नव्हती’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु उणीव बुद्धीची की पूर्वतयारीची, हे तपासल्याखेरीज असा निकाल देणे न्यायाचे नव्हे. हे तपासून तयारीची उणीव महाविद्यालयानेच भरून काढावयाची, या विचारास विकसनात्मक शिक्षण असे म्हणतात.

हे नाव नवे असले तरी त्यामागील दृष्टी कोल्हापुरास नवी नाही. राजाराम कॉलेज येथे १८८० पासून होते. पण खेड्यातील मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय? ब्राह्मण विद्यार्थ्यास माधुकरी मागून किंवा वार लावून शिकता येई. इतरांना ती वाट नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी दोष मुलांच्या माथी न मारता व्यवस्थेत शोधला.

ही वसतिगृहे जातवार होती, हा आक्षेप आपण विचारात घेतला पाहिजे. त्याचे एक उत्तर कोल्हापुरातच शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. पुढे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या प्रेरणेने, तेच तत्त्व स्वीकारले.

राहणे, जेवणे, फी यांची सोय अशा रीतीने झाली. मात्र भाषा, गणित, टिपणे काढण्याची सवय, ग्रंथालयाचा उपयोग यांतील उणिवा केवळ निवाऱ्याने भरून निघत नाहीत. या टप्प्यावर अमेरिकेतील अनुभव उद्‌बोधक ठरतो. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्यांस प्रवेश खुला केला, तेव्हा अपुऱ्या तयारीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. अशा विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या देशभरच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. १९८४ मध्ये तिच्या नावातील ‘उपचारात्मक’ हा शब्द गळून ‘विकसनात्मक’ एवढाच राहिला. हा फरक शाब्दिक नाही. उपचार रोग्यावर करावयाचा असतो. विकास प्रत्येकाचाच व्हावयाचा असतो.

या चळवळीवर टीकाही झाली. स्वतंत्र पूर्वतयारी वर्गांचे श्रेयांक पदवीस धरले जात नसत. वेळ आणि पैसा खर्च होऊन अनेक विद्यार्थी मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून मुख्य वर्गात बसवून जोडीला जादा मदत देण्याची पद्धत पुढे आली. २०१९ मध्ये संघटनेने पुन्हा नाव बदलले आणि ‘विद्यार्थी यश’ हे शब्द त्यात आणले.

आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने मागास व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक मार्गदर्शनाची योजना राबविली होती. परंतु योजना पैसा देते; कोणत्या विद्यार्थ्याचे पाऊल कोठे अडले आहे, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे, आणि ते एकट्यादुकट्याचे नव्हे. निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून अनुभव पडताळावेत, चुकलेली पद्धत बदलावी, हा त्या संघटनेच्या इतिहासाचा खरा धडा होय.

विद्यार्थी मित्रांनी मात्र एवढे ध्यानी घ्यावे की, न समजलेले विचारणे हा कमीपणा नव्हे. शाहू महाराजांनी वसतिगृहांची दारे उघडली ती मुले आत येऊन पुढे जावीत म्हणून. केवळ पटावर नाव लागावे म्हणून नव्हे.