तहानलेली दिसते म्हणून

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रस्तुत लेखिका साताऱ्याहून सांगलीला एसटीने येत होती आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत रोझमेरीचं रोप होतं. शेजारच्या आजींनी दोनदा वास घेतला आणि विचारलं, “सर्दीवर आहे का हे?”

घरी आल्यावर रोप कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, भरपूर शेणखत घालून, गच्चीवर उघड्यावर लावलं गेलं. मोगऱ्याला मानवतं ते हिलाही मानवेल, असा हिशेब. जुलैत खालची पानं तपकिरी पडली, शेंड्यांनी मान टाकली. रोप तहानलेलं दिसतंय म्हणून बाईंनी पावसाची उघडीप मिळाली की तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी कुंडी उपडी केली, तेव्हा मातीला गटाराचा वास होता. मुळं काळी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर राहिली. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून चिंब कुंडीतलं झाडही तहानलेलंच दिसतं. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघावं, एवढं साधं तेव्हा सुचलं नव्हतं.

रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम, सेज ही भूमध्य समुद्राकाठची मंडळी. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. गंमत म्हणजे रोममध्ये वर्षाला साधारण 800 मिलिमीटर पाऊस होतो, सांगलीत त्याहून कमी. पण सांगलीचा बराचसा पाऊस जून ते सप्टेंबर या दमट, उबदार महिन्यांत येतो आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवं असतं. महाबळेश्वरला तर पाच हजार मिलिमीटरच्या पुढचा मामला. तिथल्या थंड हवेला भुलून लॅव्हेंडर उघड्यावर ठेवू नये.

हे कोडं आपल्या शेतकऱ्यांनी केव्हाच सोडवलंय. तासगावचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस सरता सरता फळछाटणी घेतो, म्हणजे घड पावसात सापडत नाहीत. आटपाडीचा डाळिंबवाला बहार धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो. कुंडीवाल्यांनी त्यांच्याकडून एवढंच उचलावं: हंगाम ओळखायचा आणि हात आखडता घ्यायचा.

म्हणून रोप ऑक्टोबरमध्ये आणावं. कुंडी मातीची, बिनरंगाची, खाली मोठं भोक असलेली. साधी माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे सारखे घ्यावेत, खत मूठभर पुरे. साताऱ्याकडे मुरूम सहज मिळतो, तोही चालतो. तळाशी खड्यांचा थर देण्याची आपल्याकडे फार हौस. त्याने निचरा वाढत नाही, पाणी फक्त त्या थराच्या वर अडून राहतं. कुंडीखालची बशी तर काढूनच टाकावी. जूनपासून कुंडी पागोळ्यांच्या आत, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवावी. एप्रिल-मेत दुपारची सावली द्यावी.

पहिल्यांदाच करणाऱ्याने रोझमेरीपासून सुरुवात करावी; लॅव्हेंडर जास्त नाजूक. अंजीर मोठ्या कुंडीत आनंदाने राहतं. ऑलिव्हचं रोप हौसेला ठीक, पण त्याला फुलोऱ्यासाठी चांगली थंडी लागते, तेव्हा सांगलीत लोणच्याची बरणी धुऊन ठेवायची घाई नको. आणि नुसता ओरेगॅनोचा स्वादच हवा असेल, तर पानओवा लावावा. वास बराचसा तोच आणि पावसाशी त्याचं भांडण तेवढं नाही.

लेखिकेची दुसरी रोझमेरी आता तिसरा पावसाळा काढते आहे, पत्र्याच्या आत, पागोळ्यांपासून हातभर अंतरावर. शेजारच्या काकू अजून सांगतात, “अहो, एवढा पाऊस पडतोय, ती कुंडी जरा बाहेर सरकवा की!”