फिटचा शिक्का

सडपातळ माणसाला शुगर होत नाही, हे मला कंपनीच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, एचआरच्या साहेबांनी सांगितलं आणि भावकीतल्या ज्यांना मी काही विचारलंही नव्हतं त्यांनीही सांगितलं. आज माझ्या तळपायांना गरम-गार नीट कळत नाही. हे वाक्य अजून कुणाकुणाच्या कानावर पडत असेल, त्यांच्यासाठी लिहितो आहे. लिहिताना राग येणार, तो मी आवरणार नाही.

मी वढू बुद्रुकचा. सणसवाडीला मशीन शॉपमध्ये आहे, ठेकेदाराकडून लागलो आणि तिथेच राहिलो. फर्स्ट, सेकंड, नाइट, दर आठवड्याला पाळी बदलते, वर ओटी. शिफ्टवाल्यांना यापुढे सांगायची गरज नाही.

दर वर्षी कँटीनच्या हॉलमध्ये तपासणी होते. उंची, वजन, बीपी, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, की पुढचा. त्या काळात मी झोपेतून सारखा लघवीला उठत होतो, घसा कोरडा पडायचा, पायाला मुंग्या यायच्या. हे सगळं मी त्या डॉक्टरांना सांगितलं होतं. ठासून लिहितो, कारण नंतर ‘तुम्ही बोललाच नाहीत’ असं मला ऐकवण्यात आलं. माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६० किलो. त्यांनी हिशेब केला, बीएमआय २२ आला. म्हणाले, “एकदम फिट. तुमच्या अंगावर आहे काय शुगर व्हायला?” मी म्हणालो, “साहेब, एकदा रक्त तरी बघा.” शेजारी खुर्ची टाकून बसलेले एचआरचे साहेब मान वर न करता म्हणाले, “ते पॅकेजमध्ये नाही.” शिक्का बसला. पुढच्या वर्षी तेच बोलणं झालं आणि तोच शिक्का बसला. बाहेर जाऊन का तपासलं नाही, असं आता विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगतो, की शिक्का मारणारा माणूस डॉक्टर होता.

मग ती सकाळ आली. नाइट करून घरी आलो, ओट्यावर बसून सेफ्टी शूज काढले. मुलगी चहा घेऊन आली आणि तिथेच थबकली. “बाबा, मोजा बघा.” उजव्या पायाचा मोजा टाचेपासून बोटांपर्यंत लाल झालेला, आणि रक्त सुकून तो पायाला चिकटलेला. बूट उलटा करून आपटला तर स्टीलची चिप पडली, लेथवर निघते तशी पिळाची, धारदार, नखाएवढी. बुटाच्या तळव्यातून ती वर आली होती. त्या चिपेवर मी रात्रभर उभा होतो. मशीनपासून स्टोअरपर्यंत किती खेपा घातल्या असतील, गाडीला किक मारली असेल. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. मुलगी विचारत होती, “दुखतंय का?” आणि दुखत नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली. मशीनवर काम करणाऱ्याला जखमेचं काही वाटत नाही, हाताला रोज काहीतरी लागतं. पण लागलेलं कळतं. इथे पाय माझाच होता आणि मला खबर नव्हती.

पुण्याला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा जाड दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. “टेकला की हो म्हणा.” मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, “सुरू केलं का?” त्या म्हणाल्या, “झालं, काका.” उपाशीपोटी साखर २११. तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ९.४. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह धरतात, म्हणजे हे दुखणं काल-परवाचं नव्हतं. मग त्यांनी शिंप्याकडे असतो तसला टेप काढला आणि पोटाभोवती लावला. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या पुढे धोका, बाईला ८० च्या पुढे. इतक्या वर्षांत माझ्या पोटाला टेप लावणारं ते पहिलं माणूस. हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी आत, आतड्यांभोवती, काळजाभोवती. ती वजनकाट्याला वेगळी दिसत नाही.

आणि हे काही नवं ज्ञान नव्हे, त्याचा मला जास्त संताप आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचा फोटो शेजारीशेजारी आहे, बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. त्याआधी १९९३ मध्ये याज्ञिकांनी आपल्याच जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचं वजन, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने कमी नाही. बाळ आईच्या पोटात असतानाच शरीर असं बेतलं जातं. पुढे त्याच शरीराला बसून खायला मिळालं की साखर चढते.

माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. दुष्काळाच्या कामावर आई खडी फोडत होती, मी पोटात. सुकडी आणि लाल मिलोवर तिचे दिवस गेले. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं कुणीतरी.” एकट्या माझ्यापुरतं अमक्यामुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण आमच्या पट्ट्यात माझ्या वयाचे, तसल्याच पोटी जन्मलेले लोक घरोघर आहेत, आणि ते सगळे कंपन्यांच्या कागदावर फिट आहेत.

आता झोपेचं. वढूलाच केईएमचं संशोधन केंद्र आहे. सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण देत इथलं काम उभं केलं, आणि २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू, आलेगेले यांची नोंद तिथे ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने आशिया-आफ्रिकेतल्या आठ देशांत पन्नाशीपुढच्या चाळीस हजारांवर माणसांना झोपेबद्दल विचारलं गेलं, त्यात भारताची जागा म्हणजे आमचं वढू. निकाल २०१२ साली आला. झोपेची फार तक्रार सांगणारे बांगलादेशात बायांमध्ये जवळजवळ ४४ टक्के; आमच्याकडे बायांमध्ये साडेसहा, पुरुषांत ४.३ टक्के. ती माणसं म्हणजे आमचे आईबाप. दिवसभर रानात, दिवेलागणीला भाकरी, नऊच्या आत अंथरूण. त्याच घरातली आमची पिढी मात्र नव्वदच्या दशकापासून सणसवाडी, कोरेगाव, रांजणगावच्या भोंग्यावर झोपते-उठते. आईला झोप कशी लागते हे विचारायला लोक आले. माझ्या झोपेबद्दल वर्षाच्या तपासणीत एक प्रश्न नाही.

झोपेचा साखरेशी काय संबंध, असं मला सुपरवायझरने विचारलं होतं. संबंध आहे. शिकागोत १९९९ मध्ये अकरा तरण्याताठ्या मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर रक्तातली साखर उचलण्याचा वेग मंदावला. ती धडधाकट पोरं होती आणि ती एका आठवड्याची गोष्ट होती. आपलं शरीर रात्री साखर हाताळायला तयार नसतं. तोच वडापाव दुपारी खाल्ला आणि रात्री दोनला खाल्ला तर रात्रीची साखर जास्त वर जाते आणि जास्त वेळ वर राहते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही गोडाची आणि तळकटाची.

रिपोर्ट घेऊन एचआरकडे गेलो तर साहेब म्हणाले, “हे खाण्यामुळे होतं. कामाशी याचा संबंध लावू नका.” बरं, खाण्यामुळे. मग आमच्या नाइटचं खाणं कोण ठरवतं? अकराला साखरेचा चहा, दोनला वडापाव नाहीतर पाव-मिसळ, साडेचारला पुन्हा चहा आणि बिस्किटं. दुसरं काही मिळत नाही, गेटबाहेर जायची मुभा नाही. नाइट बंद करून मागितली तर सर्टिफिकेट मागितलं, ते दिलं तर नाइट अलाउन्स गेला आणि वर ऐकवलं, “झेपत नसेल तर विचार करा.” इतकी वर्षं घासलेल्या माणसाला हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

असो. ज्यांना उपयोग होईल त्यांनी पुढचं नीट वाचावं.

कंबर स्वतः मोजा. पँटचा पट्टा जिथे असतो तिथे नाही, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. गावातल्या आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं माप विचारलेलं आहे. सरकारी फॉर्मात आहे आणि कंपनीच्या पॅकेजात नाही, हे लक्षात घ्या. तिशी ओलांडली की प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगरची तपासणी होते; कंपनीची वाट बघू नका. बीएमआयचा आकडाही आपल्यासाठी वेगळा आहे, २३ च्या पुढे वजन जास्तच धरतात. घरात कुणाला शुगर असेल, आई दुष्काळातली असेल, स्वतः नाइट करत असाल, तर २२ वरही गप्प बसू नका.

तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीबरोबर हिमोग्लोबिन बघा. अंगात रक्त कमी असलं की तो आकडा फसवा येऊ शकतो. बी-१२ तर बघाच. मी माळकरी, अंडं-मटण वर्ज्य. माझं बी-१२ आधीच कमी निघालं, आणि शुगरवर सगळ्यात आधी जी मेटफॉर्मिनची गोळी देतात ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी उतरू शकतं. त्यानेही पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि सगळं खापर शुगरवर फुटतं. म्हणून गोळी सोडायची नाही. बी-१२ मोजून भरून काढायचं. गोळी सोडून पावडर आणि काढे घ्या सांगणारे दारात येतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

नाइटला जाण्याआधी आठ वाजता पोटभर जेवा, भाकरी, मटकी किंवा हुलग्याचं काहीतरी, मेथी, शेपू. मध्यरात्री डब्यातले फुटाणे-शेंगदाणे आणि ताक, बस. बाजरीची भाकरी चांगली म्हणून चार खायच्या नाहीत, तीही शेवटी साखरच होते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी आमच्या घरातून गेली. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. आईला राग आला, पण विठोबा समजून घेईल.

सकाळी सुटल्यावर नगर रोडने येताना काळा गॉगल लावा. उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस उजाडला असं धरतं आणि झोप उडते. गाडीवर पेंग येत असेल तर मात्र गॉगल काढा आणि थांबा. घरी खिडकीला जाड गोधडी टांगा. फोन घरच्यांकडे द्या. आमच्याकडे माणूस दिवसा झोपला की आळशी म्हणतात, लग्नाचं आवतण द्यायला आलेला पाहुणा मुद्दाम उठवतो. तो झोपलाय म्हणजे औषध घेतोय, असं बायकोने दारातच सांगावं. पाळ्या फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट अशा पुढे सरकत असतील तर शरीर जुळवून घेतं. उलट्या लावल्या की हाल होतात. हे सुपरवायझरला सांगता येतं, कंपनीला त्यात पैसा पडत नाही.

व्यायाम करा, तंबाखू सोडा, चिंता करू नका. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

शुगर असलेल्याने बूट घालण्याआधी उलटा करून आपटावा आणि आत हात फिरवून बघावं. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघावेत. अनवाणी वारीत चालायचं नाही.

आणि रिपोर्टची प्रत हातात घेतल्याशिवाय तपासणीच्या हॉलमधून बाहेर पडू नका. ‘फाइलला लावतो’ म्हणतात, आणि नंतर तुम्ही काय बोललात, काय नाही, हे तेच ठरवतात. जी तक्रार सांगाल ती त्यांच्या कागदावर लिहायला लावा.

यंदा लाइनवरच्या पोरांच्या सह्या घेऊन मी अर्ज दिला आहे. मागण्या दोनच, चाळिशीपुढच्या प्रत्येकाची उपाशीपोटीची साखर आणि कंबरेचं माप. साहेब म्हणाले, “ठेवा, बघतो.” मी पोच मागितली. त्यांनी पुन्हा “ठेवा” म्हटलं. पोचेवर सही होईपर्यंत मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवरून उठलो नाही. टेप नसेल तर आम्ही आमचा आणू, असंही अर्जात लिहिलं आहे.