मनूसाठी कानमंत्र: प्रॅक्टिकलला जाण्याआधी

मनू, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बॉटनी-झूलॉजी घेतलंस, पांढरा अ‍ॅप्रन शिवून आला, आणि आता म्हणतेस, मावशी, प्रॅक्टिकलची धास्ती वाटते. वाटू दे थोडी. थिअरीच्या तासाला मागच्या बाकावर लपता येतं, प्रॅक्टिकलला हात दिसतात. पण तिथे मोठ्या गोष्टींवाचून कुणाचं अडत नाही गं. अडतं ते ब्लेड विसरल्याने, लेबल न लावल्याने, साडेअकराची बस गाठायच्या घाईने. खाली लिहिलेल्यांतली एकही चूक आमच्या बॅचने शिल्लक ठेवलेली नाही. तुला चुकायचंच असेल तर काहीतरी नवं शोधावं लागेल.

१. दहा मिनिटं आधी पोहोच आणि खिडकीजवळची जागा धर — आरशाच्या मायक्रोस्कोपला उजेड लागतो, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला ढिल्या स्क्रूचा मायक्रोस्कोप येतो. मात्र थेट ऊन आरशावर घेऊ नकोस, ते सरळ डोळ्यात जातं.

२. अ‍ॅप्रन सुती आणि पूर्ण बाह्यांचा घे, केस बांध, ओढणी घरी ठेव — स्पिरिट लॅम्प टेबलाच्या मधोमध असतो, आणि सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.

३. पायांत बंद बूट — फुटलेली कव्हरस्लिप फरशीवर डोळ्याला दिसत नाही, तळपायाला बरोबर सापडते.

४. स्वतःचा डबा ठेव: दोन निडल, चिमटा, बारीक ब्रश, नवं ब्लेड, एचबी पेन्सिल, काचेवर लिहायची पेन्सिल, जुन्या धोतराचं मऊ फडकं. मागून आणलेलं ब्लेड बोथटच निघतं — धारदार ब्लेड कोण कुणाला देतो?

५. लॅबमधल्या मामांना पहिल्याच दिवशी ओळख दे आणि रोज नमस्कार कर — स्टेन ताजा कुठल्या बाटलीतला, कुठल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू घसरतो, हे मॅडमपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. मामा राजी, तर स्लाइड ताजी.

आता मायक्रोस्कोप. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं वर्ष त्याच्यापुढेच जायचं आहे.

६. उचलताना एक हात दांड्याला, दुसरा तळाखाली, आणि मायक्रोस्कोप सरळ उभा — वाकडा धरला की आयपीस नळीतून निसटून खाली पडतो, मग आवाज साऱ्या लॅबला ऐकू जातो.

७. सुरुवात नेहमी १०एक्सच्या लेन्सने कर. आयपीसही १०एक्सचा असला तर वस्तू १०० पट मोठी दिसते, आणि ओळख पटायला तेवढं पुरतं — एकदम ४५एक्स लावशील तर ४५० पट मोठं काहीतरी दिसेल खरं, पण कशाचं ते कळणार नाही.

८. ४५एक्स फिरवून आणलीस की मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू — लेन्स आणि कव्हरस्लिप यांच्यात तेव्हा मिलिमीटरभरही जागा उरलेली नसते. कर्र असा आवाज आला, तर स्लाइड गेली समज. लेन्स वाचली असली तर देवाला हात जोड.

९. वर्तमानपत्रातला एक ‘ग’ कापून स्लाइडवर ठेव आणि बघ. तो उलटा दिसेल, आणि स्लाइड डावीकडे सरकवलीस की उजवीकडे पळेल — हे पहिल्या दिवशी अंगवळणी पडलं की पुढे निसटलेली पेशी शोधत बसावं लागत नाही.

१०. काहीच दिसत नसेल तर उजेड वाढवण्याआधी कमी करून बघ — बिनरंगी पातळ पापुद्रा भगभगीत प्रकाशात विरघळून जातो, डायफ्रॅम थोडा मिटला की त्याच्या भिंती उमटतात.

११. दोन्ही डोळे उघडे ठेव — एक मिटून बघणाऱ्याचं कपाळ तासाभरात दुखतं. सवय आठवड्याभरात होते.

१२. लेन्स ओढणीने, रुमालाने, अ‍ॅप्रनच्या कोपऱ्याने पुसायची नाही — धुळीचा कण कापडासोबत फिरतो आणि काचेवर चरा ओढतो. लेन्स पेपर नसेल तर मामांकडे माग.

स्लाइड करणं हा हाताचा गुण आहे, तो वाचून येत नाही. तरी चार गोष्टी सांगते.

१३. कांद्याचा पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूने काढ, आणि नखाएवढाच घे — मोठा घेतलास की गुंडाळतो, घडी पडते, आणि एका पेशीवर दुसरी बसून भलतीच नक्षी दिसते.

१४. कव्हरस्लिप निडलवर टेकवून, तिरकी, हळूहळू खाली आण, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी — आडवी आपटलीस की हवा आत अडकते.

१५. गोल, काठाला जाड काळी रेघ आणि आत काहीच नाही, असं दिसलं तर तो हवेचा बुडबुडा — दर वर्षी कुणीतरी त्याला पेशी समजून केंद्रकासकट काढतं आणि मॅडमना दिवसभर पुरेल एवढं हसू देतं.

१६. सॅफ्रॅनिनचा एक थेंब पुरे, मग पाण्याने धुऊन घे — सगळंच लाल झालं तर काय वेगळं दिसणार? बोटं मात्र दोन दिवस लाल राहतील. त्याला इलाज नाही, जेवताना कुणी विचारलं तर ऐटीत सांग.

१७. रिओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते, तिचा पापुद्रा काढून आधी साध्या पाण्यात बघ, मग साखरेच्या दाट द्रावणात — पेशीतलं पाणी बाहेर जाऊन जांभळा गोळा भिंतीपासून सुटतो आणि मध्ये आकसत येतो. हे तुझ्या डोळ्यांदेखत घडतं, म्हणून स्लाइड लावून गप्पा मारायला जाऊ नकोस. नंतर कडेने पाणी सोडून बघ, फार वेळ गेला नसेल तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. पहिल्या वर्षातलं माझं सगळ्यांत आवडतं प्रॅक्टिकल आहे हे, आणि त्याला लागतं काय, तर कुंडीतलं एक पान!

१८. खोडाचा आडवा काप घेताना ब्लेड ओलं ठेव आणि एकाच ओढीत काप — करवतीसारखं पुढेमागे केलंस की पेशी फाटतात. खोड लिबलिबीत असेल तर गाजराच्या फोडीत बसवून धर. घाईचा काप, वहीला ताप.

१९. पंधरा-वीस काप घेऊन वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोड आणि ब्रशने त्यातला सर्वांत पारदर्शक उचल, अर्धाच असला तरी चालेल — पूर्ण गोल पण जाड कापात काळोखाशिवाय काही दिसत नाही. सूर्यफुलात वाहिन्यांचे पुंजके वर्तुळात, मक्यात विखुरलेले; एवढं अर्ध्या कापातही कळतं.

२०. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडला फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर घे, बाकीचं फेकून दे — विभाजन तिथेच चालू असतं. स्टेन केल्यावर जास्त गडद होतं ते टोक. कांद्याची गुणसूत्रं सोळा, पण ती मोजता येतील अशी मध्यावस्थेतली पेशी पटकन सापडत नाही; बहुतेक पेशी दोन विभाजनांमधल्या अवस्थेत असतात. कोपऱ्यापासून ओळीने शोध, इथे-तिथे उड्या मारू नकोस.

रसायनांचं थोडक्यात सांगते. तिथे धाडस नको, शिस्त हवी.

२१. आधी परीक्षानळीवर खूण, मग आत द्रावण — चार नळ्यांत चार बिनरंगी पाणी दिसायला लागलं की देवालाही ओळखता येत नाही. ज्या बाटलीला नाव नाही, ती बाटली आपली नाही.

२२. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी फुगा वापर — जुने लोक ओढायचे, म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

२३. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही — निघालेल्या उष्णतेने वरचं पाणी उसळून अंगावर येतं.

२४. बेनेडिक्टच्या चाचणीत नळी उकळत्या पाण्यात धर आणि तोंड माणसांपासून दूर ठेव. निळ्याचं हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असं शर्करेच्या प्रमाणात होत जातं. चहातली साखर घेतलीस आणि निळंच राहिलं, तर रसायन खराब म्हणून ओतून देऊ नकोस — ती सुक्रोज, ती या चाचणीला दाद देत नाही. आधी आम्लात उकळून, मग आम्ल मारून केलीस तर रंग येतो.

२५. स्पिरिट लॅम्प फुंकून विझवायचा नाही, वर टोपण ठेवायचं. आणि जळत्या लॅम्पशेजारी अल्कोहोलची बाटली उघडायची नाही — दोन्हींत ज्योत नको तिकडे जाते.

२६. रक्तगटाच्या दिवशी पोटभर खाऊन जा — बोट टोचल्यावर चक्कर येऊन बसणारे दर बॅचमध्ये एक-दोन असतातच, आणि ते बहुतेक उपाशी आलेले. टोचणी नवी, स्वतःच उघडलेली. वापरली की सांगितलेल्या डब्यात, कचऱ्याच्या टोपलीत नाही, कारण टोपली मामा हाताने रिकामी करतात.

२७. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं, अँटी-डी बिनरंगी. प्रत्येक थेंब ढवळायला वेगळी काडी — एकच काडी फिरवलीस की एकाच टेबलावर सगळे एबी निघतात. आणि रक्तगट घरी सांगितलाय त्याहून वेगळा आला तर आईला फोन लावू नकोस, आधी मॅडमना दाखव. नव्वद टक्के वेळा दोष काडीचा असतो, आईचा नाही.

२८. झूलॉजीत आता बेडूक-झुरळ चिरायला लागत नाही. २०१४ मध्ये यूजीसीने पदवीच्या वर्गांतलं प्राणिविच्छेदन थांबवलं. म्हणून बरण्यांतले नमुने आणि मॉडेल नीट बघ — परीक्षेचं स्पॉटिंग त्यांच्यावरच.

२९. बरणी उचलताना तळाला धर, झाकणाला नाही — झाकण हातात राहतं आणि फॉर्मॅलिन अंगावर येतं. वास घ्यायला नाक खाली नेऊ नकोस, तो स्वतःच येतो.

३०. प्राणी बरणीवरून लक्षात ठेवू नकोस — तुटक्या झाकणाची ती तारामासा असं पाठ केलंस, की परीक्षेच्या आदल्या दिवशी झाकणं बदललेली असतात. खूण प्राण्याच्या अंगावर शोध: जंताच्या नराची शेपटी वाकडी, मादीची सरळ, गांडुळाला गळपट्टा, जळवेला दोन टोकांना चूषक.

३१. जास्वंदीची दोन फुलं आणि एक कळी ने, ओल्या फडक्यात गुंडाळून — एक फूल उभं चिरताना हमखास वाया जातं. पुंकेसरांची नळी जपून उकल, आणि बीजांडकोश आडवा कापून त्यातले पाच कप्पे स्वतः मोज.

राहिली वही, म्हणजे जर्नल. इथे मी जरा कडक आहे.

३२. आकृती पेन्सिलने, रेघ एकच आणि स्वच्छ, शेडिंग नाही — छायाचित्र काढायचं नाहीये, कोण कुठे आहे ते दाखवायचंय. नावं एका बाजूला, आणि नावांच्या रेघा एकमेकींना कापणार नाहीत अशा.

३३. दिसलं तेवढंच काढ. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात रिकाम्या खणांच्या ओळी पाहिल्या आणि तशाच काढल्या. आत केंद्रक काढलं नाही, कारण तिथे नव्हतंच. केंद्रकाला नाव मिळायला १८३१ उजाडलं, ते रॉबर्ट ब्राउनने दिलं — पुस्तकातली आकृती उतरवायची तर मायक्रोस्कोप कशाला लावला?

३४. शेजारणीचं निरीक्षण उतरवू नकोस, तिची चूकही सोबत येते — दोघींच्या वहीत एकच बुडबुडा सापडला की मॅडम काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

३५. जर्नल त्याच संध्याकाळी पुरं कर, तारखेसकट — सबमिशनच्या आदल्या रात्री मुळाच्या आणि खोडाच्या कापांत फरक उरत नाही.

३६. व्हायवाला येत नसेल ते ‘माहीत नाही सर’ म्हणून मोकळी हो — बाहेरून आलेले परीक्षक थापेच्या मागे धावत जातात, अज्ञानाच्या मागे नाही. बहुतेक विचारतात ते तुझ्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूंबद्दलच, तेव्हा रंगाच्या बाटलीवरचं नाव तरी वाचून ठेव.

३७. निघताना स्लाइड धू, १०एक्सची लेन्स खाली आण, आरसा उभा कर, टेबल पूस, हात साबणाने धू आणि मगच जेवणाच्या डब्याला हात लाव. जर्नलवर सही घेतल्याशिवाय मात्र निघू नकोस, मनू. बस दुसरी मिळते, त्या तारखेची सही पुढच्या आठवड्यात मिळत नाही.